पुढारी गेले घरी, पोरं राहिली तारखेवर

यावेळचं टपाल जवळजवळ सगळं एकाच गोष्टीचं आहे. गणपती उठल्यावर आपल्या भागात जे झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. आधी मोर्चे, मग बंद, बंदात दगडफेक, चार दुकानं जळाली, जमावबंदी लागली, नेट गेलं. त्यातून कुणाचं तिकीट पक्कं झालं, कुणी झेंडा बदलला. कोण बरोबर आणि कोण चूक हे विचारणारी पत्रं मी बाजूला ठेवली आहेत, त्यासाठी गावोगाव पानठेले आहेत. मी उभी नोकरी परिविक्षा अधिकारी म्हणून केली. म्हणजे पोलीस केसमध्ये सापडलेल्या लेकरांच्या घरी जायचं, चुलीपाशी बसून विचारपूस करायची आणि अहवाल लिहून बाल न्याय मंडळापुढे ठेवायचा. मला कळतं ते तेवढंच, उत्तरंही त्याच बेताची. नावं-गावं गाळली आहेत.

*

मावशी, माझा मुलगा आणि पुतण्या एकाच गाडीवर बंदाला गेले. दगड मारला नाही म्हणतात, पण व्हिडिओत दोघंही दिसतात, बेकायदा जमाव आणि दंगलीच्या गुन्ह्यात दोघांचीही नावं आहेत. मुलगा बारावीला. पुतण्या वीसचा, पोलीस भरतीसाठी रोज पहाटे डांबरी रस्त्यावर पळायचा, तेही बंद झालं. ज्यांनी नेलं ते फोन उचलत नाहीत. आमदारसाहेब म्हणाले, केसेस मागं घेऊ. मुलगा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतो. आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी आहे, त्यानं तो अठराच्या वर जातो; शाळेच्या दाखल्यावर त्याच सालचा डिसेंबर, त्यानं कमी. काय करावं?
– एक शेतकरी बाप, जि. चंद्रपूर

भाऊ, ‘काऊन गेला होता रे’ हे विचारणं आजपासून बंद करा. विचारून झालं आहे, आणि त्याचं उत्तर त्याच्यापाशीही नाही.

आधी मुलाचं बघू. घटना घडली त्या दिवशी त्याचं वय काय होतं, सगळं त्यावर आहे. तुम्ही लिहिता की आधारवर १ जानेवारी आहे आणि दाखल्यावर त्याच सालचा डिसेंबर. ही १ जानेवारी आपल्याकडे घरोघरी सापडते. शिबिरात मायबापाला तारीख सांगता आली नाही की मशीनवाला ती टाकून मोकळा. घाबरू नका. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ९४ मध्ये क्रम दिलेला आहे. पहिल्यांदा शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि यातलं काहीच नसेल तरच डॉक्टरी तपासणी. आधार त्या यादीत नाहीच. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयानं अपघात भरपाईच्या एका प्रकरणात वय ठरवताना आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला वरचढ धरला, तो याच कलमाकडे बोट दाखवून.

तुमच्या घरचा दाखला कुठं असेल ते मी इथं बसून सांगते. लोखंडी पेटीत, लग्नाच्या शालूखाली, दुकानाच्या प्लास्टिक पिशवीत, रेशनकार्डाला चिकटलेला आणि घडीवर फाटलेला. तो तसाच राहू द्या. पहिल्या शाळेत जा आणि मुख्याध्यापकांकडून दाखल-खारीज रजिस्टरचा शिक्क्यासह उतारा घ्या. नावात, बापाच्या नावात, आडनावात एका अक्षराचा फरक असेल तर तिथंच सांगा, नंतर कोर्टात तेवढ्यावर तारखा पडतात. तो उतारा जोडून मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे पाठवण्याचा अर्ज करा. वेळ गेली असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. वयाचा मुद्दा कुठल्याही टप्प्यावर काढता येतो, कलम ९ तसं स्पष्ट म्हणतं.

एवढी धावपळ कशासाठी, ते कलम २४ आणि ७४ वाचलं की कळतं. मंडळापुढे निकाल लागलेल्या मुलाला त्या निकालामुळे पुढं कुठली अपात्रता चिकटत नाही, आणि प्रकरण मिटल्यावर चारित्र्य दाखल्यासाठी पोलिसांनी त्याची नोंद उघड करायची नाही. सोळा ते अठरामधल्या मुलानं फार गंभीर गुन्हा केला आणि त्याला मोठ्यांसारखा खटला लागला तर गोष्ट वेगळी. तुमच्या मुलावर बेकायदा जमाव आणि दंगलीची कलमं आहेत, तेवढ्यानं तो त्यात बसत नाही. वकिलाला एकदा सगळी कलमं वाचून दाखवायला सांगा. आणि घरी माझ्यासारखी कुणी बाई फाईल घेऊन आली तर तिला बसवून घ्या. वावर किती, कर्ज किती, बाप घेतो का, सगळं विचारेल. तो कागद तुम्हाला लाजवायला नसतो. मुलाला घरीच ठेवावं हे मंडळाला त्यावरूनच ठरवायचं असतं.

पुतण्याचं अवघड आहे, गोड बोलून उपयोग नाही. वीस म्हणजे मोठ्यांचं कोर्ट. भरतीच्या अर्जात ‘आपल्यावर गुन्हा दाखल आहे काय’ असा रकाना येतो आणि गावातला सायबर कॅफेवाला हमखास ‘नाही’वर टिचकी मारतो. त्याला मारू देऊ नका. २०१६ मध्ये अवतार सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हा विषय सविस्तर हाताळला. माहिती खरीच द्यायची, लपवलेली सापडली तर नोकरी जाऊ शकते. खरी दिली तर गुन्ह्याचं स्वरूप आणि खटल्याचा निकाल पाहून नेमणूक करणारा निर्णय घेईल. नोकरीत घेईलच असं मी म्हणत नाही. पण उघड सांगितलेल्या दंगलीच्या केसमधून निर्दोष सुटलेला पोरगा वाचू शकतो, खोट्या रकान्यातून वाचवणं फार कठीण. आणि त्याला पळायला पाठवा. खटला चालू आहे म्हणून पाय बांधून ठेवायचं कारण नाही.

आता आमदारसाहेबांचा शब्द. राजकीय-सामाजिक आंदोलनातले खटले मागं घ्यायला सरकार वेळोवेळी निर्णय काढतं, हे खरं. जीवितहानी नको, नुकसान ठराविक रकमेच्या आत हवं, अशा अटी असतात. पण सभेत जाहीर केलं म्हणजे खटला संपला नाही. सरकारी वकिलानं कोर्टात अर्ज द्यायचा आणि कोर्टानं संमती द्यायची (जुन्या कायद्यात कलम ३२१, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ३६०), तेव्हा तो संपतो. शिवाय एक गंमत लक्षात ठेवा. आजी-माजी आमदार-खासदारावरचा खटला उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागं घेता येत नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०२१ चा आदेश आहे. म्हणजे तुमच्या पोरांच्या एफआयआरमध्ये साहेबांचंही नाव असेल, तर साहेबांच्या सोबत तुमचीही फाईल नागपूर खंडपीठात अडकायची. एफआयआरची प्रत काढा आणि आरोपींची यादी शेवटपर्यंत वाचा. ‘व इतर ३० ते ४० इसम’ हे शब्द कुठं आहेत तेही बघा, गावातल्या आणखी पोरांची नावं पुढं त्यातूनच निघतात.

वकिलाचे पैसे? तालुका कोर्टातच विधी सेवा समितीची खोली असते. मुलाला वयामुळे वकील मोफत, पुतण्याला उत्पन्नावर किंवा अनुसूचित जाती-जमातीचा असल्यास त्यावर. फोन १५१००.

आणि भिंतीकडे तोंड करून पडणं. भाऊ, हे मी शेवटी लिहिते पण करायचं सगळ्यात आधी. कापसावरच्या फवारणीचे डबे-बाटल्या आज संध्याकाळच्या आत घरातून काढा. शेजाऱ्याच्या गोदामात ठेवा, कुलूप लावा, किल्ली तुमच्या कडदोऱ्याला. कळायच्या आत घडून गेलेल्या गोष्टी मी पाहिल्या आहेत, आणि प्रत्येक वेळी डबा हाताशी होता. मुलगा ‘माझ्यापायी तुमचं नाक कापलं’ असं काही बोलला तर ‘असं बोलू नये’ म्हणून गप्प करू नका. मरावंसं वाटतं का, हे सरळ विचारा. विचारल्यानं डोक्यात भरत नाही. १४४१६ हा टेली मानस या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. मुलगा बोलणार नसेल तर तुम्ही बोला. दिवसा त्याला वावरात न्या, एकटा नको, कुणासोबत तरी. सकाळी एक वेचणीची ओळ आणि दुपारी पुस्तक, एवढं पुरे. बारावीचा फॉर्म भरायचा राहिला असेल तर कॉलेजात आजच जा.

*

आदरणीय मावशी, मी जि.प. शाळेत शिक्षक आहे. गावाबाहेर पारधी बेडा (वस्ती) आहे. बंदाच्या रात्री तालुक्याला जळालेल्या दुकानातला माल बेड्यावर असल्याची कुणी तरी हूल उठवली, झडती झाली, काही सापडलं नाही. पण तेव्हापासून त्यांना वेचणीला कुणी बोलवत नाही, गिरणीवाला दळण घेत नाही, मुलं शाळेत येईनाशी झाली. मी काय करू? मला याच गावात नोकरी करायची आहे.
– एक गुरुजी, जि. यवतमाळ

गुरुजी, शेवटचं वाक्य लिहिलंत ते बरं केलंत. शूर माणसाला सल्ला देणं सोपं, गावात राहणाऱ्याला देताना विचार करावा लागतो.

दगड मारणारे आपल्याच आळीतले होते हे गावाला ठाऊक आहे. त्यांना बोट लावता येत नाही, म्हणून राग बेड्यावर काढला. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का कायद्यानं पुसला. गावाच्या डोक्यातला अजून पुसायचा आहे. मोर्चा हायवेवर निघाला काय न् दिल्लीत सरकार पडलं काय, पहिली जीप बेड्यावर जाते.

तुम्ही गावसभेत भाषण करू नका. गिरणीवाल्याकडे जा, एकटे, गिऱ्हाईक नसेल तेव्हा. एका माणसानं दळण घेतलं की बहिष्कार फुटतो, कारण तो कुणी ठराव करून घातलेला नसतो, एकानं नाही म्हटलं म्हणून दुसऱ्यानं म्हटलेलं असतं. गिरणीवाला म्हणेल, ‘मले काही नाही गुरुजी, पण लोकं...’ त्याला तिथं सहज सांगा की पारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत येतात आणि त्यांच्यावर सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार टाकणं हा २०१५ च्या दुरुस्तीनंतर अॅट्रॉसिटी कायद्यातला गुन्हा आहे. धमकी म्हणून नको, माहिती म्हणून सांगा. त्याला लोकांना सांगायला एक निमित्त हवं असतं, ते तुम्ही दिलं असं होईल. तरी नाही जमलं तर बेड्यावरच्या बायांना घेऊन विधी सेवा समितीकडे जायचा रस्ता आहेच.

वेचणीचं काम हातचं जात असेल तर रोजगार हमीच्या कामाची मागणी लेखी द्यायला लावा, अंगठे उठवून, आणि पोच घेतल्याशिवाय ग्रामपंचायतीच्या पायरीवरून उठू नका म्हणा. तोंडी मागणीला काडीची किंमत नाही.

मुलांना आणायला तुम्ही एकटे जाऊ नका, आणि शिपायाला तर पाठवूच नका. गावातली दोन मुलं सोबत न्या, त्यांच्याच वर्गातली, खेळणारी. मुलं आली की काय झालं, झडतीत काय केलं, पोलीस काय म्हणाले, यातलं एक अक्षर वर्गात विचारू नका. त्या आठवड्यात वर्गातली एखादी वस्तू हरवणार, हे धरून चाला. हरवली की आधी तुमच्या टेबलाखाली शोधा. शिक्षकानं पहिली नजर कुठं टाकली हे तीस मुलं बघत असतात.

आणि सवड झाली की जातीच्या दाखल्यांचं काम हाती घ्या. अनुसूचित जमातीच्या दाखल्याला ६ सप्टेंबर १९५० आधीचा वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्यांच्या आज्याला कुठल्या गावात मुक्काम टाकायचा तर पोलीस पाटलाकडे हजेरी द्यावी लागे, त्यांनी १९५० चा पुरावा आणायचा! पण ती हजेरी घेणारी जुनी पोलीस दप्तरं आणि शाळेची जीर्ण रजिस्टरंच कधी कधी कामी येतात. तुमच्या शाळेचं सगळ्यात जुनं रजिस्टर कपाटात खाली वाळवीत पडलेलं असेल. ते बाहेर काढा.

*

मावशी, माझ्या अब्बांचं सायकल-पंक्चरचं दुकान जळालं. मागच्या खोलीत आमच्या पेटीत माझी दहावीची मार्कशीट होती, तीही गेली. मी बारावीला आहे. रात्री कुठं फटाका वाजला तरी मी उठून बसते. कॉलेजला जायचा रस्ता त्याच चौकातून आहे. घरचे म्हणतात, यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू.
– एक मुलगी, जि. वर्धा

बेटा, पुढच्या वर्षी नाही. यंदाच. घरच्यांना हे पान वाचून दाखव.

अब्बा, तुम्हाला लिहिते. पोरगी एकदा ‘यंदा राहू दे’ म्हणून घरी बसली की पुढच्या वर्षी शाळेची गोष्ट निघत नाही, स्थळाची निघते. दुकान पुन्हा उभं राहील, तलाठ्याचा पंचनामा आणि तक्रारीची प्रत जपून ठेवा, नुकसानीचा अर्ज त्याशिवाय पुढं सरकत नाही. गेलेलं वर्ष मात्र परत मिळत नाही.

मार्कशीटचं सोपं आहे. तुमचा जिल्हा नागपूर विभागीय मंडळात येतो. दहावीच्या शाळेमार्फत दुय्यम गुणपत्रिकेचा अर्ज कर, जळाल्याची पोलीस नोंद जोड. तोवर मोबाईलवर डिजीलॉकरमध्ये आहे का बघ.

फटाक्यानं दचकणं, झोप न लागणं, तोच वास येत राहणं, हे अशा रात्रीनंतर होतं. तू वेडी झालेली नाहीस आणि भित्रीही नाहीस. बहुतेकांचं हळूहळू कमी होतं. महिना उलटून गेला तरी तसंच असेल, आणि तुझा उलटलाच आहे, तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते तिथं अम्मीला घेऊन जा. आधी १४४१६ ला फोन कर. तू सांगतेस ते ऐकून घेण्याचीच त्यांची नोकरी आहे.

चौकाचं असं कर. तुझ्या वर्गातल्या, त्या चौकाच्या पलीकडे राहणाऱ्या एका मैत्रिणीला सांग की आठवडाभर मला बसस्टँडवरून घेऊन जा. तिच्या घरचे नको म्हणाले तर दुसरी. तिसरी बहुधा हो म्हणते. मी जिथं लग्न होऊन आले त्या चिमूरला १६ ऑगस्ट १९४२ च्या इंग्रजांविरुद्धच्या उठावानंतर पलटण आली, पुरुष तुरुंगात गेले आणि घरात उरलेल्या बायांवर जे झालं त्याबद्दल बोलायला पुष्कळांना तोंड उरलं नाही. गांधीजींचे सहकारी प्राध्यापक भन्साळींनी त्याच्या चौकशीसाठी ६३ दिवस उपास केला. माझ्या आजेसासूबाई म्हणत, तेव्हा उपासाची बातमी आम्हाला उशिरा कळली, पण शेजारीण पाणी भरायला सोबत यायची, ते रोजचं होतं.

*

गावात शांतता सभा घ्यायची आहे. दोन्ही बाजूंच्या नेत्यांना बोलवावं असं चाललंय. वक्ते सुचवा.
– एक सरपंच, जि. अमरावती

सुचवत नाही. नेते आले की दोन्हीकडचे कार्यकर्ते येतील, गाड्या येतील, आणि मग बंदोबस्त मागवावा लागेल. मंडपाचे पैसे वाचवा आणि तारखेच्या दिवशी पोरांना तालुक्याला न्यायला एक गाडी ठरवा, दोन्हीकडची पोरं एकाच गाडीत. पहिल्या फेरीला कुणी बोलणार नाही. १९४२ च्या उठावातल्या चिमूर-आष्टीच्या कैद्यांना फाशीची शिक्षा झाली तेव्हा नागपूरच्या अनसूयाबाई काळे त्यांना सोडवायला झटल्या. अर्ज, वकील, वर्गणी, अधिकाऱ्यांचे उंबरे, असंच ते काम होतं. फाशी टळली. गावात तंटामुक्ती समिती अजून कागदावर असेल तर तिला हेच काम द्या. आणि पुढच्या ग्रामसभेत बंदाचा विषय घेऊ नका, पाण्याचा घ्या.

*

आमच्या मंडळाचं मंडईच्या जत्रेला दरवर्षी नाटक असतं, वडशाहून नाटक कंपनी बोलावतो. यंदा ज्या पोरांवर केस आहे त्यांना मंडळात ठेवावं का? काही सभासद म्हणतात, बदनामी होईल.
– एक मंडळ, जि. गडचिरोली

ठेवा. बांबू आणणं, मंडप बांधणं, तिकिटाची खिडकी, कंपनीच्या साठ जणांचं जेवण, एवढं काम रात्री-बेरात्री करायला तुमच्याकडे दुसरी पोरं आहेत कुठं? त्यांना काढलं तर ती पानठेल्यावर खर्रा घोटत बसतील आणि पुढच्या बंदाला पुढं असतील, कारण तिथं त्यांना कुणी बदनामी म्हणत नाही. जामिनाच्या अटी मात्र आधी वाचा. ठाण्यात हजेरीचा वार कोणता, जिल्ह्याबाहेर जायला बंदी आहे का. कंपनी आणायला वडशाला जाणाऱ्यांत हजेरीवाला पोरगा नसावा. गावात जमावबंदी चालू असेल तर तारीख पुढं ढकला. आणि पोलीस ठाण्यातल्या परवानगीच्या अर्जावर सह्या अध्यक्ष-सचिवांनी स्वतः करा, पोरांच्या घेऊ नका.